आधी मूळ उतारा, मग दृश्य

पुणे

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. निबंधाचा आराखडा वाचला. ‘लैला’ (२०१९) आणि ‘द हँडमेड्स टेल’ (२०१७ ते २०२५) या दोन मालिकांची जोडी चांगली निवडली आहेस. पण ‘दोन्ही मालिका मिथकांचा वापर करतात’ हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं. मिथकातलं काय उचललं नि काय गाळलं, ते मात्र कुठेच येत नाही.

सुरुवात ‘लैला’तल्या राज्याच्या ‘आर्यावर्त’ या नावापासून कर. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातला २२वा श्लोक काढ. पूर्व-पश्चिमेला समुद्र, उत्तरेला हिमालय, दक्षिणेला विंध्य. म्हणजे आपलं पुणं त्यात येतच नाही! पतंजलीच्या महाभाष्यात सीमा आणखी निराळ्या आहेत. लॉ कॉलेज रोडवर भांडारकर संस्था आहे, तिथे बसून दोन्ही उतारे हाताने उतरवून घे. मालिकेतलं राज्य हे नाव घेतं आणि त्याची सरकती हद्द विसरतं. त्याची खरी हद्द नायिका शालिनीच्या लग्नावर आखलेली आहे: नवरा रिझवान, म्हणून मुलगी ‘मिश्रित’. राष्ट्र आणि लिंगभाव इथे एकत्र येतात, इथे दोन पानं खर्च कर. बायकांचं ‘शुद्धीकरण’ करणाऱ्या केंद्राच्या प्रमुखाची, ‘गुरुमा’ची, भूमिका आरिफ झकारिया या पुरुष नटाने केली आहे, हेही सोडू नकोस.

‘द हँडमेड्स टेल’मधल्या गिलियड या राज्यासाठी बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक, अध्याय ३०. राहेल मूल मागते, आपली दासी बिल्हा याकोबाला देते आणि बिल्हाच्या मुलांची नावंही राहेलच ठेवते. बिल्हाच्या तोंडी एकही शब्द नाही. गिलियडमध्ये हा उतारा कमांडर, म्हणजे घराचा सत्ताधारी मालक, वाचून दाखवतो, बायकांना वाचायला बंदी. मालिका मात्र दासीलाच निवेदन देते. नायिका जून हिचं नाव ‘ऑफ्रेड’ होतं, कमांडर फ्रेडची म्हणून. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर नवरीचं नवं नाव लिहितात. ही तुलना जरूर कर, पण बेतानं: एकीकडे रूढी आहे, दुसरीकडे शिक्षेच्या धाकाचा कायदा.

पद्धत साधी ठेव. प्रत्येक मालिकेतले दोनच प्रसंग घे. पहिल्यांदा वही न घेता बघ. दुसऱ्यांदा चार रकाने आख: वेळ, कोण बोलतं, काय बोलतं, कोण गप्प आहे. चौथा रकाना बहुतेकांचा रिकामा राहतो, आणि मग निबंध नुसतं कथानक सांगत सुटतो. ‘लैला’चे संवाद हिंदीत ऐकूनच उतरव, इंग्रजी सबटायटल्सवरून नको, त्यात संबोधनं आणि जातिवाचक शब्द सपाट होतात. लाल कपडे, बंद दारं या प्रतीकांना एक परिच्छेद पुरे.

आधी आर्यावर्ताची दोन पानं लिहून पाठव. श्लोक आणि प्रसंग समोरासमोर, दोन रकान्यांत.

शुभाशीर्वाद.