वाचक विचारतात: विकीची पाने हलवताना

मुक्त सॉफ्टवेअरची माहितीपाने विकीवरून उचलून साध्या स्टॅटिक साइटवर (आधीच बांधून ठेवलेल्या, डेटाबेस नसलेल्या पानांच्या साइटवर) नेण्याबद्दल सीमाभागातून बरीच पत्रे आली. बहुतेक पत्रांतली पाने मराठी आणि कानडी अशी दुभाषी आहेत, त्यामुळे अडचणीही इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडणाऱ्या नाहीत. त्यांतले सहा प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : दूध संकलन केंद्रांसाठीच्या आमच्या मुक्त सॉफ्टवेअरची माहिती मीडियाविकीवर (विकिपीडिया ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरवर) आहे. सगळा विकी एका एक्सएमएल फाईलमध्ये काढला आणि पॅनडॉक या रूपांतर करणाऱ्या साधनाने त्याचा मार्कडाऊन (साध्या खुणांचा मजकूर) केला. चित्रे गेली, दुवे तुटले आणि कित्येक पानांवर फक्त ‘१.’ आणि पुढे एक शब्द एवढेच उरले आहे. कुठे चुकले? (निपाणी)

पॅनडॉक तुमची एक्सएमएल फाईल वाचत नाही, तिच्या आतला विकीमजकूर वाचतो. म्हणून आधी त्या फाईलमधून एकेका पानाचा मजकूर वेगळ्या फाईलमध्ये काढायचा. पंचवीस-तीस ओळींची पायथन स्क्रिप्ट त्याला पुरते. मग प्रत्येक फाईल पॅनडॉकला द्यायची: मूळ रूप ‘मीडियाविकी’, हवे ते रूप ‘जीएफएम’ (गिटहबचे मार्कडाऊन) आणि ‘रॅप’ला ‘नन’. हा शेवटचा पर्याय विसरू नका. तो नसला की पॅनडॉक ठरावीक रुंदीवर ओळी तोडतो आणि पुढे कोणी एक शब्द सुधारला तरी गिटमध्ये (फाईलींतले बदल नोंदवणाऱ्या साधनात) अख्खा परिच्छेद बदललेला दिसतो.

‘१.’वाली पाने म्हणजे पुनर्निर्देशने, जुन्या नावावरून नव्या पानाकडे पाठवणारी. विकीत ओळीच्या सुरुवातीचे हॅश चिन्ह क्रमांकित यादीचे असते, त्यामुळे ‘#पुनर्निर्देशन’ ही पॅनडॉकच्या लेखी यादीतली पहिली नोंद झाली. ही पाने रूपांतराला देऊच नका. वेगळी काढा आणि ‘जुने नाव, नवे नाव’ अशा दोन रकान्यांच्या तक्त्यात भरा. तो तक्ता पुढे जुने पत्ते वळवताना लागणार आहे.

चित्रांचे कारण बहुधा भाषा. विकीची भाषा मराठी ठेवली असेल तर लिहिणाऱ्यांनी ‘चित्र:’ असे लिहिलेले असते. मीडियाविकीला ते समजते, पॅनडॉकला समजत नाही. त्याला इंग्रजी ‘फाईल’ किंवा ‘इमेज’ आणि काही युरोपीय भाषांतले शब्द तेवढे माहीत. ‘वर्ग:’चे तेच आणि लहान चित्रासाठीच्या ‘इवलेसे’चेही तेच. तो शब्द बदलला नाही तर चित्राच्या मथळ्यात जाऊन बसतो. रूपांतराआधी हे तिन्ही शब्द सगळ्या फाईलींत शोधून इंग्रजी रूपांनी बदला. विकीला इंग्रजी रूपे कोणत्याही भाषेत चालतात, त्यामुळे मजकुराचे काही बिघडत नाही.

चित्रांच्या फाईली एक्सएमएलमध्ये मिळणार नाहीत. त्या सर्व्हरवर ‘इमेजेस’ फोल्डरमध्ये, एका अक्षराच्या आणि मग दोन अक्षरांच्या उपफोल्डरांत विखुरलेल्या असतात. सगळ्या एका फोल्डरात गोळा केल्या तरी नावे एकमेकांवर पडत नाहीत, कारण विकी एका नावाची एकच फाईल ठेवतो. फक्त ‘थंब’ आणि ‘आर्काइव्ह’ हे दोन उपफोल्डर वगळा. पहिल्यात लहान केलेल्या प्रती असतात, दुसऱ्यात जुन्या.

साचे, म्हणजे अनेक पानांत पुन्हा वापरायचे तयार तुकडे, हा सगळ्यात कंटाळवाणा भाग. पॅनडॉक ते उलगडत नाही. मीडियाविकीकडून उलगडून घेता येतात, पण एका ‘सूचना’ चौकटीच्या जागी वीस ओळींचे एचटीएमएल टेबल हाती येते. त्यापेक्षा विकीच्या विशेष पानांतून सर्वाधिक वापरलेल्या साच्यांची यादी काढा आणि वरच्या पाच-सात साच्यांना नव्या साइटवर काय पर्याय द्यायचा ते ठरवून शोधा-बदला करा. उरलेले हाताने. सेल एकत्र केलेली टेबले मात्र एचटीएमएलमध्येच राहू द्या. मार्कडाऊनच्या उभ्या रेघांच्या टेबलात सेल जोडता येत नाहीत आणि दरपत्रकासारखे फॅट-एसएनएफचे (दुधातल्या स्निग्धांश आणि स्निग्धेतर घन घटकांचे) टेबल मोडून मांडण्यात काही शहाणपणा नाही.

पानांतल्या आपसांतल्या दुव्यांना पॅनडॉक ‘विकिलिंक’ अशी खूण लावतो. काही आवृत्त्यांत ती दुव्याच्या शीर्षकात असते, काहींत क्लास म्हणून. ती खूण धरून स्क्रिप्टने दुवे नव्या फाईलनावांवर वळवा. खुणा काढण्याची घाई करू नका. त्या गेल्या की आतले दुवे कोणते आणि बाहेरचे कोणते हे ओळखता येत नाही. शेवटी एमकेडॉक्स (मार्कडाऊनपासून साइट बांधणारे साधन) वापरत असाल तर बांधणी ‘स्ट्रिक्ट’ पर्यायाने करा. एक जरी आतला दुवा तुटका असेल तरी बांधणी थांबते, आणि ती थांबलेलीच बरी.

प्रश्न : एमकेडॉक्सवर मराठी शीर्षकांचे दुवे ‘_१’, ‘_२’ असे येत होते. युनिकोडचा पर्याय लावल्यावर ‘फॅट तपासणी’चा दुवा ‘फट-तपसण’ झाला! (चिकोडी)

दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी घडतात. शीर्षकापासून दुवा बनवणारे मूळचे फंक्शन रोमनखेरीज सगळी अक्षरे टाकून देते. हाती काहीच उरत नाही, म्हणून नुसता क्रमांक. युनिकोडचा पर्याय लावला की अक्षरे राहतात, पण पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधले (मजकुरातले नमुने शोधण्याच्या खुणांमधले) ‘शब्दातले अक्षर’ म्हणजे स्वर, व्यंजन, अंक. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त युनिकोडमध्ये ‘चिन्हे’ या गटात मोडतात, त्यामुळे ती गळतात. कानडी शीर्षकांचीही हीच गत. दिसायला गंमत वाटते, पण ‘वजन काटा’ आणि ‘वजन कट’ या दोन्ही शीर्षकांचा दुवा ‘वजन-कट’ होतो. मग दुसऱ्याला मागे क्रमांक लागतो, आणि वर एखादे शीर्षक नव्याने घातले की तो क्रमांक सरकतो. बाहेरून कोणी त्या ठिकाणाला दुवा दिला असेल तर तो भलत्याच परिच्छेदावर उघडतो.

उपाय एकच: ‘ॲट्रिब्यूट लिस्ट’ हे एक्स्टेन्शन चालू करा आणि प्रत्येक शीर्षकापुढे महिरपी कंसात हॅश लावून रोमन लिपीत स्वतः आयडी लिहा. फाईलींची नावेही रोमनच ठेवा, मराठी नाव पानाच्या वरच्या माहितीत ‘टायटल’ म्हणून द्या. मराठी आणि कानडी पानाला एकच फाईलनाव आणि दोन भाषांचे दोन फोल्डर केले तर ‘ह्याच पानाचे कानडी रूप’ हा दुवा आपोआप जुळतो. विकीवरच्या नावांत विसर्ग म्हणून टाईप केलेले कोलन आणि प्रश्नचिन्ह असेल तर ते गाळाच. विंडोजवर अशा नावाची फाईल बनतच नाही आणि रिपॉझिटरी (गिटमधला फाईलींचा साठा) उतरवून घेणाऱ्याचे काम पहिल्याच पायरीला अडते.

प्रश्न : गावोगावच्या संकलन केंद्रांत मशीनवर आमच्या विकीपानांचे क्यूआर कोड चिकटवले आहेत. साइट हलवल्यावर ‘दुसऱ्या पाळीचे संकलन’ हे पान काही कोडांवरून उघडते, काहींवरून ‘सापडले नाही’ म्हणते. नाव तर एकच आहे. (बेळगाव)

डोळ्यांना एकच आहे, संगणकाला नाही. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारे टाईप होतो. एक: ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त, य. दोन: साधा र, हलन्त, न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर, य. कळफलकाप्रमाणे यातला कोणताही प्रकार पडतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि पत्त्यात टक्केवारी-रूपात नऊ अक्षरे. पहिल्या प्रकाराने या शीर्षकाचा पत्ता १६४ अक्षरांचा होतो, दुसऱ्याने १७३ अक्षरांचा. कोडातला पत्ता उलगडून लांबी मोजा, कुठला प्रकार आहे ते लगेच कळेल. विकीवर कोणीतरी कधीतरी पुनर्निर्देशन करून ठेवले असणार म्हणून दोन्ही चालत होते. तुम्ही पाने हलवताना ते पुनर्निर्देशन सुटले.

एनएफसी सामान्यीकरणाने (समान मानलेले क्रम एका रूपात आणण्याच्या युनिकोडच्या पद्धतीने) हा फरक जात नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने हे दोन वेगळे क्रम आहेत. वळवण्याच्या तक्त्यात दोन्ही रूपे घाला, किंवा तपासण्याआधी ‘र, हलन्त, जॉइनर’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला. नुसता जॉइनर काढू नका, ‘दुसर्या’ होईल.

आता वळवायचे कुठे? गिटहब पेजेसवर (गिटहबच्या स्टॅटिक साइट ठेवण्याच्या सेवेवर) सर्व्हरला आज्ञा देता येत नाहीत. तिथे जुन्या पत्त्यावर एक छोटे पान ठेवावे लागते, जे ब्राउझरला पुढे ढकलते. ह्यूगोत (हेही साइट बांधणारे साधन) ‘एलियसेस’ आणि एमकेडॉक्समध्ये रिडायरेक्ट प्लगइन नेमके हेच करते. पण जुना पत्ता ‘इंडेक्स डॉट पीएचपी, प्रश्नचिन्ह, टायटल’ अशा घडणीचा असेल तर हा मार्ग बंद, कारण प्रश्नचिन्हापुढच्या भागावरून स्टॅटिक होस्ट फाईल निवडत नाही. अशा वेळी जुने डोमेन एका लहानशा सर्व्हरवर एन्जिनएक्स हे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर लावून चालू ठेवा. पीएचपी नको, डेटाबेस नको, फक्त ‘मॅप’ची (जुन्या-नव्या पत्त्यांच्या जोड्यांची) फाईल आणि ३०१ (पत्ता कायमचा बदलल्याचा संकेत). एन्जिनएक्स टायटलचे मूल्य उलगडत नाही, म्हणून तक्त्यात ते टक्केवारी-रूपातच लिहा. लहान-मोठ्या रोमन अक्षरांची चिंता नको, मॅप तो फरक पाहत नाही. मशीनवर चिकटवलेला कोड बदलायला कोणी गावोगाव फिरणार नाही, तेव्हा डोमेनचे नूतनीकरण मात्र चुकवू नका.

प्रश्न : नव्या साइटच्या शोधात इंग्रजी शब्द सापडतात, मराठी एकही नाही. शिवाय जांबोटी-कणकुंबीकडे नेटवर्क धड नसते, तिथे काय करावे? (खानापूर)

तुमचा शोध लूनर या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर चालत असणार. तिच्यातला ‘ट्रिमर’ शब्दाच्या दोन्ही टोकांची ‘अक्षर नसलेली’ चिन्हे कापतो, आणि त्याच्या व्याख्येत देवनागरी अक्षरे अक्षरेच नाहीत. अख्खा शब्द कापला जातो. एमकेडॉक्सची मटेरियल थीम असेल तर शोधाच्या पाइपलाइनमधून (शब्दांवर होणाऱ्या प्रक्रियांच्या यादीतून) ट्रिमर काढा आणि ‘सेपरेटर’मध्ये स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस घाला, नाहीतर ‘संकलन’ आणि ‘संकलन,’ हे दोन शब्द होतील. पेजफाइंड (स्टॅटिक साइटसाठीचा दुसरा शोध) वापरायचा असेल तर प्रत्येक पानाच्या एचटीएमएलवर भाषेचा कोड, मराठीला एमआर आणि कन्नडला केएन, बरोबर आहे ना ते पाहा. तो भाषेगणिक वेगळी सूची करतो. या कोडाचा आणखी एक फायदा: ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श दिलेले असतात, तो ती वळणे याच कोडावरून निवडतो. सामान्यरूपांपुढे यातला कोणताच उपाय पुरत नाही. ‘साचा’ शोधला तर ‘साच्यात’ सापडणार नाही. महत्त्वाच्या पानांवर अशी चार-पाच रूपे घेऊन एखादे वाक्य लिहून ठेवा.

नेटवर्कसाठी: वेगळे वेबफॉन्ट लादू नका. अँड्रॉइडवर नोटो आणि विंडोजवर निर्मला दोन्ही लिप्या दाखवतात. साइटची झिप पेनड्राइव्हवर द्यायची असेल तर ‘यूज डिरेक्टरी यूआरएल्स’ बंद करून बांधा, म्हणजे फाईलवर क्लिक केली की पान उघडते. तशा प्रतीत शोध चालण्यासाठी मटेरियलचे ऑफलाइन प्लगइन लागते. ते नसेल तर ब्राउझर डिस्कवरची सूची वाचू देत नाही.

प्रश्न : आमचे सॉफ्टवेअर जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, म्हणजे विकीचा मजकूरही जीपीएलच ना? (अथणी)

नाही. विकीच्या तळटिपेत जो परवाना लिहिला असेल तो मजकुराचा. सीसी बाय-एसए (क्रिएटिव्ह कॉमन्सचा, नाव देऊन त्याच अटींवर वापरू देणारा) असेल तर तोच पुढे ठेवावा लागतो आणि लिहिणाऱ्यांची नावे द्यावी लागतात. तुम्ही फक्त सध्याची आवृत्ती निर्यात केली असेल तर ती नावे हातची गेली. पूर्ण इतिहासासह पुन्हा निर्यात करा आणि त्यातून पानागणिक नावांची यादी काढा. डोकुविकीत (हे दुसरे विकी सॉफ्टवेअर) जुन्या आवृत्त्या ‘ॲटिक’ फोल्डरमध्ये झिपलेल्या सापडतात. गिटहबचा विकी असेल तर प्रश्नच नाही. तो मुळात गिट रिपॉझिटरी असतो, सरळ क्लोन करा (अख्खी प्रत उतरवून घ्या), इतिहास सोबत येतो.

प्रश्न : विकीवर केंद्रचालक आणि शिक्षक मोबाईलवरून सुधारणा करत. साइट हलवल्यापासून एकही सुधारणा आलेली नाही. (हुक्केरी)

हे हलवण्याआधी विचारायला हवे होते. गेल्या वर्षभराच्या सुधारणा ज्यांच्या नावावर आहेत त्यांतले निम्मे लोक गिट न वापरणारे असतील, तर आमचे मत विकी ठेवा असेच आहे. स्पॅम फार होत असेल तर नवी खाती मंजुरीने द्या, आणि तीन वर्षे आधार मिळणारी एलटीएस आवृत्ती लावा. मग दर सहा महिन्यांनी अद्ययावत करण्याची कटकट राहत नाही.

हलवून झालेच आहे, तर प्रत्येक पानावर ‘हे पान सुधारा’ हा दुवा द्या. एमकेडॉक्समध्ये ‘रेपो यूआरएल’ आणि ‘एडिट यूआरआय’ या दोन ओळी पुरतात. गिटहबचा संपादक मोबाईलच्या ब्राउझरवर चालतो, पण खाते काढायचे आणि पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) पाठवायची हे केंद्रचालकाला सांगून पाहा, काय उत्तर येते ते. म्हणून त्याच्या शेजारी ‘चूक कळवा’ असा साधा फॉर्मही ठेवा आणि आलेली चूक आठवड्यातून एकदा पानात घालण्याचे काम एका माणसाच्या नावावर करा. कानडी पानांसाठी वेगळा माणूस. मराठी पान बदलले आणि कानडी तसेच राहिले तर केंद्रात दोन जण दोन वेगळ्या दरांनी हिशेब करत बसतील. बदललेल्या मराठी पानाच्या कानडी जोडीवर ‘हे पान जुने असू शकते’ अशी पट्टी लावणारी स्क्रिप्ट गिटच्या तारखांवरून करता येते.

आणि जुना विकी अजून उघडा असेल तर आजच त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘रीड ओन्ली’ची ओळ घालून तिथे नव्या साइटचा पत्ता लिहा. तुमचे काही केंद्रचालक अजून तिकडेच सुधारणा करत असण्याची शक्यता आहे. आधी ‘अलीकडील बदल’ उघडून बघा.