अख्खा रविवार टँकमध्येच जातो, काय करू?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही इंदूरला राजेंद्रनगरमध्ये राहतो. घरी तीन फुटी प्लांटेड टँक (आत झाडं लावलेला माशांचा टँक) आहे, ३६ बाय १८ बाय १८ इंच, ॲक्वासॉइल (टँकची खतवाली माती), झाडांसाठी सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड वायूचा) सिलेंडर, लाइट रोज १० तास, पुढे मॉन्टे कार्लो ह्या बुटक्या झाडाचं कार्पेट आणि मागे लाल रोटालाची उंच झाडं. सुरुवातीला खूप मजा आली पण आता माझी ड्यूटी बदललीय, सासूबाईंची तब्येत नरम असते, आणि दर रविवारी कटिंग, काचा घासणं, बादल्या वाहणं ह्यातच दुपार होते. एखादा रविवार चुकला की लाकडावर काळं ब्रशसारखं शेवाळ येतं. सिलेंडर संपला की भरून आणायला चार दिवस लागतात. नळ एक दिवसाआड, बाकी बोअरिंगचं पाणी. टँक काढायचा नाहीये. झाडं कमी केली तर काम कमी होईल का?

उत्तर: नाही होणार, उलट वाढेल. झाडं कमी केली की पाण्यातलं खत आणि माशांची घाण खायला कोणी उरत नाही, मग त्यावर शेवाळ पोसतं आणि तुम्ही काचा घासत बसता. झाडं भरपूरच ठेवा, फक्त हळू वाढणारी ठेवा. आणि त्याच्याही आधी लाइट कमी करा. टँकमध्ये किती काम पडणार हे लाइट ठरवतो. लाइट जास्त असला की झाडं पळतात, पळायला त्यांना सीओटू लागतो, खत लागतं, आणि ह्यातलं एक जरी कमी पडलं, तुमचा सिलेंडर संपतो तसं, तर झाडं अडकतात आणि शेवाळ पुढे जातं. ते काळं ब्रशवालं शेवाळ बहुतेक वेळा सीओटू कमी-जास्त होत राहिल्यामुळेच येतं, म्हणजे चार दिवस सिलेंडर नाही, मग पुन्हा फुल्ल, हे त्याला फार मानवतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे, आधी सिलेंडर बंद करू नका. पहिल्या आठवड्यात टायमर लावून लाइट १० तासांवरून ६ वर आणा, डिमर असेल तर तोही निम्मा करा, नसेल तर लाइट थोडा वर टांगा. मग झाडं बदला. सीओटू शेवटी, तीन-चार आठवड्यांत थोडा थोडा कमी करत बंद. उलटं केलंत, म्हणजे सिलेंडर आधी काढला आणि लाइट तसाच भगभगीत ठेवला, तर महिन्याभरात टँक हिरवा-काळा होईल आणि तुम्हाला वाटेल की सीओटूशिवाय झाडं जगतच नाहीत. जगतात, आरामात जगतात.

झाडं बदलताना एक गोष्ट नक्की पाळा, जुनी झाडं उपटू नका! ॲक्वासॉइलमध्ये मुळं खोल गेलेली असतात, ओढलं की खालचा सगळा गाळ वर येतो, सोबत अमोनियाही, आणि मासे सोसत नाहीत. रोटाला मातीच्या लेव्हलला कापा, मुळं आत राहू द्या, कुजतील. त्यातून फुटवा आला तर पुन्हा कापा, कमी लाइटमध्ये तो दमतोच. कार्पेट मात्र चटईसारखं सुटतं, ते हळूहळू गुंडाळत काढा, पाइपने गाळ ओढत ओढत, आणि एका दिवशी अर्धंच, उरलेलं पुढच्या आठवड्यात.

कार्पेटच्या जागी परत कार्पेट नको. पुढची पाच-सहा इंचांची पट्टी मोकळी ठेवा, तिथे बारीक काळपट रेती. रेती आधी वाटीत घेऊन वर व्हिनेगर टाकून बघा, फेस आला तर त्यात चुना आहे, ती घेऊ नका, बोअरिंगचं पाणी आधीच जड (क्षारांचं) आहे. मध्ये लाकडं आणि दगड, त्यांवर ॲन्युबियस, जावा फर्न, जावा मॉस. ही मातीत लावायचीच नाहीत, ॲन्युबियस आणि फर्नचा आडवा खोडासारखा भाग पुरला की तो सडतो. दोऱ्याने बांधा किंवा फेविक्विकच्या थेंबाने चिकटवा, सुकल्यावर त्याने माशांना काही होत नाही. ह्यात मला सगळ्यात आवडतं ते हे की लाकडाचा एक एक तुकडा झाडासकट उचलून बाहेर काढता येतो, साफ करता येतो. म्हणून एक भलंमोठं लाकूड घेण्यापेक्षा तीन मध्यम घ्या, आणि मागच्या-बाजूच्या काचांपासून हात जाईल इतकं अंतर ठेवा. टँक सजवताना ही जागा कोणी सोडत नाही आणि मग वर्षभर वाकडा हात करून काच घासतात.

मागे क्रिप्ट (क्रिप्टोकोरिन, हळू वाढणारं झाड) लावा, त्यातला वेंडटी प्रकार सहज मिळतो. लावल्यावर आठ-दहा दिवसांत पानं वितळून जातील, घाबरून उपटू नका, मुळं जिवंत असतात, काही आठवड्यांत नवी पानं येतात. ॲक्वासॉइल जुनं झालं की त्यातलं खत संपतं, तेव्हा तीन-चार महिन्यांनी मुळांशी एखादी रूट टॅब (मातीत पुरायची खताची गोळी) पुरेशी. व्हॅलिस्नेरियाचा मोह होईल, कारण जड पाणी तिला चालतं, सीओटू नसला तरी ती पाण्यातल्या बायकार्बोनेटवर भागवते. पण ती धावे (मातीलगतच्या आडव्या फांद्या) सोडून सगळीकडे पसरते, आणि तुम्हाला तर कटिंगच नकोय.

आता जुनं काळं शेवाळ. लाकूड बाहेर काढून त्यावर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावा (बाटलीवर ६ लिहिलं असेल तर तेवढंच पाणी मिसळा), पाच मिनिटांनी धुऊन परत ठेवा. मॉस असलेल्या लाकडाला लावू नका, मॉस जळतं.

पाण्याचं म्हणाल तर तुमच्या टँकमध्ये काठोकाठ १९० लिटर मावतं, रेती-दगड वजा जाता दीडशेच्या आसपास धरा. सगळं बसल्यावर दर पंधरा दिवसांनी ३०-४० लिटर बदललं तरी चालेल, दोन-तीन बादल्या. नळाचं नर्मदेचं पाणी घ्या, पण अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) टाकून. उन्हाळ्यात मात्र आपल्याकडे पाणी भराभर आटतं, आणि आटताना फक्त पाणी उडतं, क्षार खालीच राहतात, म्हणून आटलेली भर आरओच्या पाण्याने करा, बोअरिंगने केली तर टँक दर आठवड्याला अजून जड होतो. आरओच्या वेस्ट पाइपचं पाणी तर अजिबात नको, त्यात क्षार जास्त असतात. आणि हे सगळं होळीच्या आत उरका, कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, मे महिन्यातली उलथापालथ माशांना झेपत नाही.

कापलेली झाडं नाल्यात किंवा तलावात टाकू नका प्लीज, वाळवून कुंडीत घाला. सिरपूर तलाव २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, तिथे बाहेरची झाडं आपल्यामुळे जायला नकोत.

प्रश्न: काच साफ ठेवायला दुकानदार सकर फिश घ्या म्हणतो. घेऊ का? (टिळकनगर)

उत्तर: नका घेऊ. दोन इंचांचा म्हणून आणलेला सकर फूटभर किंवा त्याहून मोठा होतो, मोठा झाला की शेवाळ सोडून माशांचंच खाणं खातो, घाण भरपूर करतो आणि झाडं उखडतो. मग लोक तो तलावात सोडतात, आणि मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा आता आपल्या नद्या-तलावांत पसरलाय. त्यापेक्षा चार-पाच नेराइट गोगलगायी आणा, काच छान साफ करतात. लाकडावर पांढरे ठिपके दिसतील, ती त्यांची अंडी, पण गोड्या पाण्यात त्यातून पिल्लं वाढत नाहीत, त्यामुळे संख्या वाढायची भीती नाही.