तिकडच्या खेड्यात खड्डे कोण बुजवतं?

मागच्या अंकात एका ताईंना इंग्लंडमधल्या खेड्यात राहायला गेलेल्या लेकीबद्दल दोन ओळींचं उत्तर दिलं होतं, की पार्सल शेजाऱ्यांकडे ठेवून जातात, घाबरू नका, बस एवढंच. त्यावर पत्रांचा आणि मेलचा पाऊस पडला. पुण्यातल्या दर दुसऱ्या सोसायटीतलं कुणी ना कुणी आता लंडन-बिंडन सोडून आतल्या गावात घर घेऊन बसलंय आणि इकडे आईबाबांना तिथल्या कारभाराचा काही पत्ता लागत नाही, असं दिसतंय. मी काही वर्षं तिकडच्या एका गावात काढलीत, त्यामुळे जमेल तसं सांगते. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, रागावू नका.

प्रश्न : मुलगा-सून रेडिंग सोडून ऑक्सफर्डशायरमधल्या एका खेड्यात गेलेत. आम्ही उन्हाळ्यात तिकडे होतो. दर महिन्याला दाराच्या फटीतून गावचं एक पातळ पत्रक आत पडायचं, मी अथपासून इतिपर्यंत वाचायचो. खड्डे, कुत्र्यांची घाण, कुणाची तरी झुडपं फुटपाथवर आलीत, बसची वेळ बदलली, हेच. मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय? आणि ते पॅरिश कौन्सिल म्हणजे चर्चवाले का? मुलाला विचारलं तर म्हणतो, बाबा मला काय माहीत. (एक काका, कोथरूड)

उत्तर : काका, चर्चवाले नाहीत हो. पूर्वी होते, पण १८९४ च्या कायद्याने गावचा कारभार चर्चच्या हातातून काढून लोकांनी निवडलेल्या मंडळाकडे दिला. म्हणजे आपली ग्रामपंचायतच समजा, फक्त फारच किरकोळ अधिकारांची. इंग्लंडभर अशी दहा हजारांच्या आसपास मंडळं आहेत. त्यांच्याकडे काय असतं, तर मुलांचं खेळाचं मैदान, बाकडी, गवत कापणं, बसस्टॉपची शेड, कुठे कुठे दफनभूमी आणि रस्त्यावरचे चार दिवे. कचरा बहुतेक ठिकाणी डिस्ट्रिक्ट कौन्सिल (आपल्या तालुका पातळीसारखी) उचलते आणि रस्ता असतो काउंटी कौन्सिलचा (ती त्याच्याही वरची, जिल्ह्यासारखी). म्हणून तर तुम्हाला पत्रकात दर महिन्याला तोच खड्डा भेटत होता! पॅरिशवाल्यांना तो बुजवताच येत नाही, ते फक्त काउंटीला पत्र लिहितात, काउंटी म्हणते नोंद घेतली, आणि पुढच्या महिन्यात परत पत्र. त्यापेक्षा फिक्समायस्ट्रीट नावाची एक साइट आहे, २००७ पासून चालू आहे, तिच्यावर फोटो टाकून नकाशावर टिंब ठेवलं की तक्रार ज्या कौन्सिलचा रस्ता त्यांच्याकडे आपोआप जाते. सुनेला सांगा, मुलगा काही करणार नाही असं वाटतंय.

आता फरक काय म्हणाल, तर मला एकच दिसला. गावात एक काचेचा नोटीस बोर्ड असतो, कुलूपवाला, किल्ली पॅरिशच्या क्लार्कबाईंकडे. आत ओल लागून कोपरे वळलेला कागद, गंजलेल्या टाचण्या, हरवलेल्या मांजराचा फोटो, योगा क्लासची जाहिरात, आणि या सगळ्यात पुढच्या मीटिंगची विषयपत्रिका. ती किमान तीन पूर्ण दिवस आधी लागलीच पाहिजे असा कायदा आहे, आणि मीटिंगला कुणीही जाऊन बसू शकतं, गोपनीय विषय सोडले तर अडवता येत नाही. बोलायचं असेल तर बहुतेक ठिकाणी सुरुवातीला गावकऱ्यांसाठी थोडा वेळ ठेवलेला असतो. मी गेलेय बरेचदा. गावचा हॉल, एकावर एक रचलेल्या खुर्च्या आपणच ओढून घ्यायच्या, गार बिस्किटं, आणि एका झुडपाच्या उंचीवर जवळजवळ तासभर चर्चा. झोप येते, खोटं कशाला सांगू. पण झुडूप नंतर खरंच कापलं गेलं.

आणि फार सोज्वळ चित्र डोळ्यापुढे आणू नका हं. चेशायरमधल्या हँडफोर्थ गावची २०२० च्या डिसेंबरमधली ऑनलाइन मीटिंग बघा कधीतरी, २०२१ च्या फेब्रुवारीत व्हायरल झालेली. जॅकी वीव्हर नावाच्या बाई मदतीला बोलावलेल्या होत्या, चेअरमन त्यांच्यावर ओरडले की तुम्हाला इथे काही अधिकार नाही, तर बाईंनी शांतपणे चेअरमनलाच मीटिंगबाहेर काढलं. त्यावर व्हाइस चेअरमन चिडून किंचाळायला लागले. आपल्या सोसायटीची एजीएम आठवेल, शप्पथ.

खरी अडचण वेगळीच आहे. कुणी उभंच राहत नाही. चार वर्षांनी निवडणूक येते, बऱ्याच गावांत जागा जास्त आणि अर्ज कमी, मग मतदान होतच नाही आणि उरलेल्या जागांवर आहेत ते सदस्यच ओळखीच्या कुणाला तरी घेतात. त्यामुळे तेच चार-पाच रिटायर्ड लोक वर्षानुवर्षं सगळं बघतात, आणि मग तरुण मंडळी म्हणतात म्हाताऱ्यांचं राज्य आहे. तुमचा मुलगा 'मला काय माहीत' म्हणतो ना, त्याला कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे तिकडच्या घरपट्टीचं, बिल काढून दाखवा, पॅरिशची रक्कम त्यात वेगळ्या ओळीत छापलेली असते आणि ती तो भरतोय.

प्रश्न : ताई, लेकीच्या गावातला एकमेव पब बंद होणार म्हणून गावात केवढं रान उठलंय. सह्यांची मोहीम काय, वर्गणी काय. एका दारूच्या दुकानासाठी एवढं? जावई पण गेला सही करायला, आणि तो पीतही नाही! (एक काकू, सहकारनगर)

उत्तर : काकू, जावई बरोबर आहे तुमचा. आतल्या गावात दुकान गेलेलं असतं, पोस्ट गेलेलं असतं, शाळा गेली किंवा जायच्या वाटेवर, मग चार लोक पावसाळी संध्याकाळी बसू शकतील अशी एकच जागा उरते. तिथेच क्विझ, तिथेच कुणाच्या मयतानंतरचा चहा-सँडविच, तिथेच क्रिकेटची टीम ठरते. कट्टा म्हणा ना.

आणि सह्यांना तिकडे खरंच अर्थ आहे. २०११ च्या लोकॅलिझम कायद्यात सोय आहे की गावाच्या उपयोगाची जागा म्हणून पब, दुकान, हॉल असं काही डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे नोंदवून ठेवता येतं, नोंद पाच वर्षं टिकते. मग मालकाला विकायचं झालं की आधी कळवावं लागतं, गावाला सहा आठवडे मिळतात 'आम्हाला घ्यायचंय' म्हणायला, आणि तसं म्हटलं की एकूण सहा महिने विक्री थांबते, तेवढ्यात पैसे जमवायचे. शेअर काढतात चक्क, गावकरी भागधारक होतात, सहकारी सोसायटीसारखं. आपल्याला सहकार काय नवा नाही, त्यामुळे मला ते फार घरचं वाटलं. पण मालकाने गावालाच विकलं पाहिजे असं या कायद्यात बंधन नाहीये, सहा महिने संपले की तो मोकळा. दुसरीकडे २०१७ पासून पब पाडायचा किंवा त्याचं दुकान करायचं तरी प्लॅनिंगची परवानगी लागतेच, गुपचूप उरकता येत नाही. तेव्हा जावयाला सांगा, नुसत्या सहीवर थांबू नका, नोंद झालीये का ते विचारा. अनेक गावं मालकाची पाटी लागल्यावर जागी होतात.

प्रश्न : भावाने मागे स्वयंपाकघर वाढवायला परवानगी मागितलीये, पॅरिश कौन्सिलने विरोध नोंदवला. आता संपलं का सगळं? शेजारीण म्हणते तिचा व्ह्यू जातो. (बाणेर)

उत्तर : नाही संपलं. पॅरिशचं मत विचारात घेतात, निर्णय मात्र डिस्ट्रिक्टच्या प्लॅनिंगवाल्यांचा. आणि शेजारणीचा व्ह्यू किंवा तिच्या घराची किंमत हे तिथे धरलंच जात नाही. तिच्या खोलीतला उजेड अडतो का, खिडकीतून तिच्या घरात डोकावता येतं का, आवाज, वाहतूक, हे धरतात. भावाला म्हणावं विरोधाचं पत्र नीट वाच, मुद्दा उजेडाचा असेल तर आर्किटेक्टकडून छप्पर खाली घेता येतं का ते बघ. एकमजली, मागच्या बाजूला, स्वतंत्र घर असेल तर ४ मीटरपर्यंत आणि जोडघर असेल तर ३ मीटरपर्यंत बरेचदा परवानगीच लागत नाही, पण घर लिस्टेड म्हणजे वारशाच्या यादीतलं असेल तर मात्र खिळासुद्धा विचारून ठोका, तिथे विनापरवाना काम हा गुन्हा आहे. आपल्याकडे पेठांमधले वाडे कसे एका रात्रीत जमीनदोस्त होतात ते बघितल्यावर मला या कटकटीचा रागच येईनासा झालाय.

प्रश्न : नातीकडे चाललेय सहा महिने. तिच्या गावात दिवसातून दोनदा बस येते म्हणे! इथे मी एसटीने फुकट फिरते, तिथे म्हातारीला पास मिळेल का? (एक आजी, सदाशिव पेठ)

उत्तर : आजी, नाही मिळणार, तो पास तिथे कायमचं राहणाऱ्यांना. एसटीचं आपलं ७५ च्या पुढे फुकट आहे ना, तसं तिथे पेन्शनच्या वयापासून, तेही सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊनंतर, शनिवार-रविवारी मात्र दिवसभर. पण बऱ्याच बसना एका वेळचं तिकीट जास्तीत जास्त ३ पाऊंड, २०२५ च्या जानेवारीपासून. बस कमी का, तर लंडन सोडून बाकी देशात १९८६ साली बसधंदा खाजगी कंपन्यांना मोकळा केला, जिथे पैसा मिळतो तिथे बस धावते, उरलेल्या गावांना कौन्सिलने पैसे दिले तर. नातीला विचारा गावात स्वयंसेवकांची गाडी आहे का, दवाखान्याला वगैरे नेतात, पेट्रोलपुरते पैसे घेतात. पीएमपीच्या बसला शिव्या घालणं तुम्ही परत आल्यावर कमी कराल असं वाटतंय.

प्रश्न : गावातल्या लाल टेलिफोनच्या खोक्यात फोनच नाही, हिरवी पेटी आहे आणि दोन कपाटं पुस्तकं. हे काय? (कर्वेनगर)

उत्तर : फोन कंपनीने २००८ पासून बंद पडलेली खोकी गावांना १ पाऊंडात द्यायला सुरुवात केली. पेटीत हृदय बंद पडल्यावर शॉक द्यायचं मशीन असतं. कुलूप असेल तर ९९९ ला फोन करा, ते कोड सांगतात. पुस्तकं न्या आणि ठेवा. एक मराठी ठेवून या.

प्रश्न : सुनेला ताजी मेथी-कोथिंबीर पाहिजे, घराला अंगण नाही. तिथे भाड्याने वाफा मिळतो असं ऐकलंय. (धायरी)

उत्तर : मिळतो, त्याला अलॉटमेंट म्हणतात. पूर्ण तुकडा साधारण २५० चौरस मीटर, म्हणजे आपले अडीच गुंठे, अर्धाही देतात. भाडं वर्षाचं. यादी मात्र लांबलचक असू शकते, नाव आजच घालायचं. आणि गावात अलॉटमेंटच नसेल तर १९०८ च्या कायद्याप्रमाणे सहा मतदारांनी मिळून लेखी मागणी केली की पॅरिशला तिचा विचार करावाच लागतो. हा कायदा फार थोड्यांना माहीत असतो. मेथी मे-जूनमध्ये छान येते, कोथिंबीर ऊन लागलं की फुलावर जाते, थोडी थोडी पेरायची. गोगलगायी तिकडे भयंकर असतात, रात्री बॅटरी घेऊन वेचायला लागतात, सुनेला आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : हे सगळं वाचायला बरं वाटतं. आमचं सूस २०२१ मध्ये महापालिकेत गेलं. आधी सरपंच तिठ्यावर चहा पिताना सापडायचा, आता तक्रार घेऊन जायचं कुणाकडे? तुम्ही तिकडचं कौतुक करताय, आमचं काय? (सूस)

उत्तर : बरोबर झापलंत. जून २०२१ मध्ये तुमच्यासकट २३ गावं पुण्यात आली, त्याआधी २०१७ मध्ये ११. गावची ग्रामपंचायत गेली आणि मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदतही संपली, मग २०२६ च्या जानेवारीत निवडणूक होईपर्यंत जवळजवळ चार वर्षं प्रशासक. म्हणजे तेवढा काळ ग्रामसभाही नव्हती आणि नगरसेवकही नव्हता. हे मला तिकडच्या कुठल्याही झुडपापेक्षा जास्त खुपतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या तारखांना ग्रामसभेत उठून विचारता यायचं, गोंधळ व्हायचा, पण विचारता यायचं. इंग्लंडमध्ये गाव शहराला चिकटलं तरी पॅरिश राहू शकते, नवीनही काढता येते. इथे मोठं झालं की खालचं मंडळ पुसून टाकायचं असंच आपण धरून चालतो, आणि ते का, हे कुणी विचारतही नाही.

सध्यापुरतं हाताशी आहे ते सांगते. क्षेत्रीय कार्यालयात मोहल्ला कमिटीच्या बैठका होतात, तिथे जाऊन तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी काही नको. पुढच्या वर्षीच्या बजेटसाठी नागरिकांनी सुचवलेली छोटी कामं पालिका मागवते, फूटपाथ, दिवे, बाकडी असली, तो अर्ज भरा. एकट्याने नाही, चार सोसायट्यांनी एकच काम सुचवा. आणि तारीख गेल्यावर अर्ज शोधू नका.

प्रश्न : मुलगा तिथे नोकरीला, पासपोर्ट भारताचा. त्याला त्या पॅरिशला मत देता येईल? (औंध)

उत्तर : येईल. तिथे रीतसर व्हिसावर राहणाऱ्या भारतीयांना कॉमनवेल्थमुळे सगळ्या निवडणुकांत मत आहे, पार्लमेंटसुद्धा. ऑनलाइन नाव नोंदवायला पाच मिनिटं लागतात. २०२३ पासून मतदान केंद्रावर फोटोचं ओळखपत्र दाखवावं लागतं, त्याला भारतीय पासपोर्ट चालतो.