नदीवर निघालात? वाटेत थांबायला वेळ ठेवा

पहिल्यांदाच लेकरंबाळं घेऊन वर्धा नदीवर चाललात, फार छान! एकच सांगतो: सगळा दिवस नदीला देऊ नका, दोन तास रस्त्याला ठेवा. नवे लोक हमखास इथेच चुकतात, नागपूर सोडलं की गाडी थेट काठावरच थांबते.

काटोल रोडने जात असाल तर शहराबाहेर पडताच जुनापाणीला उतरा. माळरानावर काळ्या दगडांची रिंगणं दिसतील, एकदोन नाही, सुमारे ३००. ही लोहयुगातली दफनं. रिवेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्येच त्यांच्याबद्दल लिहिलं होतं. मी कितीतरी वर्षं बाजूने गेलो, थांबलोच नाही, याची अजून हळहळ वाटते. काही दगडांवर वाटीसारखे खळगे ओळीने कोरलेत. माझ्या नातीने एकेका खळग्यात बोट घालून ते मोजले, नदीवर जाईपर्यंत तेच बोलत होती.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- दगड हलवू नका, त्यावर खडूने लिहू नका.
- दिवाळीनंतर जा. सकाळी लवकर निघा, माळावर सावली नाही.
- नदीत रेती उपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत. स्थानिकांना विचारल्याशिवाय लेकरांना पाण्यात सोडू नका. धरणातून पाणी सोडणार आहेत का, हेही विचारा.

झुणका-भाकर घरूनच बांधून न्या, संत्री वाटेत मिळतील. चंद्रपूर जिल्ह्यातल्या हिरापूरची शिळास्मारकं (मोठ्या दगडांची जुनी स्मारकं) वगैरे पुढच्या खेपेला सांगेन.