दीर्घिकांची अंतरे कशी मोजतात, आणि विश्वाच्या प्रसरणाचे दोन वेगळे आकडे का निघतात?

दीर्घिकांपर्यंत कोणतीच मोजपट्टी पोहोचत नसताना विश्वाच्या प्रसरणाचा वेग कसा ठरवतात, आणि तो (दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांच्या अंतरामागे, सेकंदाला किलोमीटरमध्ये) कुठे ६७ तर कुठे ७३ असा का छापला जातो, असे आपण विचारले आहे. यातील वेगाचा भाग तुलनेने सोपा आहे. दीर्घिकेच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला की त्यातील ओळखीच्या रेषा तांबड्या टोकाकडे किती सरकल्या आहेत, यावरून ती किती वेगाने दूर जात आहे हे कळते. खरी अडचण अंतराची आहे आणि गेल्या शंभर वर्षांतील बहुतेक वाद तिच्यावरूनच झाले आहेत.

अंतराचा मार्ग अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिट यांनी दाखवला. मॅगेलनच्या लहान मेघातील (आपल्या आकाशगंगेजवळच्या एका छोट्या दीर्घिकेतील) २५ सेफीड, म्हणजे ठरावीक काळाने तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या नोंदींवरून त्यांनी १९१२ साली सिद्ध केले की ज्या ताऱ्याचा प्रकाश कमी-जास्त होण्यास अधिक दिवस लागतात, तो मुळातच अधिक तेजस्वी असतो. सारे तारे एकाच मेघात, म्हणजे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असल्यामुळे हा संबंध उघडपणे दिसला. अंतर दुप्पट झाले की दिसणारे तेज एक चतुर्थांश होते. तेव्हा खरे तेज ठाऊक असेल तर अंतर हा केवळ गणिताचा प्रश्न उरतो. ऑक्टोबर १९२३ मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने घेतलेल्या देवयानी दीर्घिकेच्या छायाचित्रकाचेवर एडविन हबल यांनी एका ठिपक्याला नवतारा समजून ‘एन’ अशी खूण केली होती. जुन्या काचांशी ताडून पाहिल्यावर ती खोडून त्यांनी शेजारी ‘व्हीएआर!’ (‘व्हेरिएबल’, म्हणजे रूपविकारी तारा) असे लिहिले. तो सेफीड होता, आणि त्याच्या अंतरावरून देवयानी आपल्या आकाशगंगेच्या फार बाहेर आहे हे निश्चित झाले.

१९२९ साली हबल यांनी काढलेला दर मात्र दर मेगापार्सेकला सेकंदाला ५०० किलोमीटर इतका अवाढव्य होता. तो खरा मानला तर विश्वाचे वय जेमतेम दोनशे कोटी वर्षे, म्हणजे पृथ्वीहूनही कमी भरते! सेफीड ताऱ्यांच्या दोन जाती असून त्यांची गल्लत झाली आहे, हे वॉल्टर बाडे यांनी १९५२ साली सांगितल्यावर दीर्घिकांची अंतरे एका फटक्यात दुप्पट झाली.

जवळच्या दीर्घिका या कामी फारशा उपयोगी पडत नाहीत, कारण त्यांच्यावर शेजाऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाची ओढ असते. देवयानी तर उलट आपल्याकडेच येत आहे. म्हणून शिडी चढावी तसे एकेक पायरीने लांब जावे लागते: आकाशगंगेतील सेफीडांची अंतरे पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या भ्रमणामुळे दिसणाऱ्या त्यांच्या सूक्ष्म स्थानबदलावरून, त्यांच्या आधारे इतर दीर्घिकांतील सेफीडांची, आणि त्याच दीर्घिकांत स्फोट पावलेल्या ‘एक-ए’ प्रकारच्या अधिनवताऱ्यांवरून (ज्यांचे खरे तेज जवळपास सारखेच धरता येते अशा ताऱ्यांच्या स्फोटांवरून) त्यापलीकडची. ॲडम रीस यांच्या गटाने २०२२ साली ३७ दीर्घिकांतील ४२ अधिनवतारे घेऊन सुमारे ७३ हा आकडा काढला.

६७ चा आकडा या शिडीवरून आलेलाच नाही. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी सुटलेल्या प्रारणाचे प्लँक उपग्रहाने जे मोजमाप केले, त्याला विश्वाचे प्रचलित प्रारूप लावून आजचा दर ६७.४ असावा, असे ते अनुमान आहे. फरक ८ टक्क्यांचा आहे. तो केवळ अंतरातील चुकीचा मानायचा, तर शिडीतील ताऱ्यांचे खरे तेज आपण सुमारे १७ टक्क्यांनी कमी धरत आहोत असे म्हणावे लागेल, आणि जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने केलेल्या फेरतपासणीनंतर सेफीडांच्या मोजणीत एवढी मोठी चूक राहिली असेल असे मला वाटत नाही. तरीही प्रकरण मिटले असे म्हणणे घाईचे होईल, कारण वेंडी फ्रीडमन यांच्या गटाने सेफीडांऐवजी तांबडे राक्षसी तारे वापरून २०१९ साली काढलेला आकडा ६९.८, म्हणजे दोहोंच्या मधला, निघाला.

शिडीच टाळायची तर गुरुत्वीय लहरी, म्हणजे प्रचंड वस्तूंच्या हालचालीतून अवकाशात पसरणारे तरंग, आहेत. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन (अतिशय घन) ताऱ्यांच्या मीलनातून आलेल्या लहरींच्या रूपावरून अंतर थेट मिळाले आणि दर ७० च्या आसपास आला. परंतु घटना एकच असल्याने अनिश्चितता इतकी मोठी होती की ६७ आणि ७३ दोन्ही तीत सहज बसतात. अशा घटना अनेक मिळायला हव्यात आणि त्या कोणत्या दीर्घिकेत घडल्या हेही ओळखता यायला हवे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारला जाणारा लायगो-इंडिया हा गुरुत्वीय लहरींचा शोधक अमेरिकेतील शोधकांपासून फार दूर असल्यामुळे लहरींची दिशा अधिक नेमकी ठरेल, आणि दुर्बिणींना आकाशाचा बराच लहान तुकडा धुंडाळावा लागेल.