कार्यक्रमाच्या दिवशीच अडून बसणाऱ्या लेकीबद्दल

ताई, तुमची लेक 20 वर्षांची. एरवी दिव्यांगांच्या केंद्रात हसत जाते, पण महिन्याच्या पत्रकावर सहल, सण, संमेलन असं काही असलं की त्या सकाळी उंबऱ्यावर बसकण मारते. केंद्रातल्या मॅडम म्हणतात, ‘उचलून आणा, इथे आली की रमते.’ आणि तुम्ही विचारताय, 22 तारखेच्या सहलीला जबरदस्तीने पाठवू का?

माझं उत्तर: नका पाठवू. निदान का नाही म्हणतेय ते कळेपर्यंत नका. अकरा वर्षांपूर्वी माझ्या घरात हेच चाललं होतं आणि मी उचलून नेलं होतं.

माझी मुलगी आता 33 वर्षांची आहे, तिला डाउन सिंड्रोम हे जन्मजात बौद्धिक दिव्यांगत्व आहे. मी एसटीत वाहक होतो, आता निवृत्त. दिव्यांगत्वाचा दाखला, यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र वगैरे तुमचं झालेलंच असणार, त्यात शिरत नाही.

तेव्हा ती ज्या संस्थेत जायची तिचं पत्रक फार देखणं असायचं. रंगीत कागद, महिन्याचे सगळे रकाने भरलेले. राख्या, पणत्या, हळदीकुंकू, सहल, कुणाकुणाच्या वाढदिवसाचं फळवाटप. आम्ही ते कौतुकाने पाहुण्यांना दाखवायचो. त्या वर्षी 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला, मैदानावर लेझीम ठेवलं होतं आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून सराव सुरू झाला. त्याच आठवड्यात तिची चप्पल हरवली. नवी आणली, तीही चार दिवसांत गेली. तिसरा जोड आणताना मी तिच्यावर ओरडलो. ती काहीच बोलली नाही. तिला शब्द कमी आहेत, आणि मला वाटलं, हट्ट करतेय.

3 डिसेंबरला सकाळी साडेआठला नऊवारी नेसवून तिला मैदानावर बसवलं. पाहुणे दहाला येणार होते, ते सव्वाएकला आले. तोवर मुलं उन्हात ओळीने बसून. ‘रांग मोडू नका’ म्हणून कुणाला उठू दिलं नाही. नेसलेलं लुगडं सोडून बाथरूमला न्यायला बाईमाणूस हवं, ते कुणी ठेवलंच नव्हतं. लेझीम सुरू झालं तेव्हा तिची साडी ओली झाली होती. ती तशीच नाचली, रडत. त्याचा व्हिडिओ निघाला आणि संध्याकाळी तो गावभर फिरला.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेलो. तिथल्या माणसाने माझं म्हणणं ऐकून घेतलं नाही. कपाटातून प्रवेशाचा अर्ज काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं: ‘संस्थेचे सर्व उपक्रम, सहली व छायाचित्रण यांस माझी संमती आहे.’ खाली माझी सही. आयुष्यभर सवलतीचे कागद तपासणारा मी, पोरीच्या कागदावर न वाचता सही करून आलो होतो. मी तीन वेळा लेखी तक्रार दिली. पोचसुद्धा मिळाली नाही. ‘एवढ्या मुलांमध्ये तुमच्याच मुलीला त्रास कसा झाला?’ असं मात्र विचारलं गेलं.

त्यानंतर ती 14 महिने घराबाहेर पडली नाही. गाडीचा हॉर्न वाजला तरी आतल्या खोलीत जायची. वजन वाढलं. शेजारच्या पोरांना नावाने हाका मारायची, ते बंद झालं आणि त्यातली काही नावं परत आलीच नाहीत. दिवाळीच्या साफसफाईला लोखंडी पेटी सरकवली तर तिच्यामागे तिन्ही जोड नीट मांडून ठेवलेले सापडले. तीन आठवडे ती आम्हाला ‘नको’ म्हणत होती, आणि घरात एकालाही ते ऐकू आलं नव्हतं.

म्हणून आधी तुमच्या लेकीच्या ‘नको’चं कारण शोधा. आवाज? बाथरूम? अनोळखी बस? नेहमीच्या ताई त्या दिवशी नसतात? की जेवणाची वेळ चुकते? हे मी एका मुलीच्या अनुभवावरून सांगतोय. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांचं गणित वेगळं असू शकतं, आणि काही मुलांना दारापर्यंतचा धक्का खरंच लागतो हेही पाहिलंय. पण मूल दहा-पंधरा मिनिटांनी सैल पडलं तर तो धक्का. घरी आल्यावरही गप्प राहिलं तर ती जबरदस्ती. आणखी एक, मी डॉक्टर नाही, पण डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड आणि कमी ऐकू येणं या तक्रारी बऱ्याच आढळतात. तुमच्या लेकीला डाउन सिंड्रोम असेल आणि वर्षभरात तपासणी झाली नसेल तर ती आधी करा. माझ्या मुलीच्या मरगळीत थायरॉइडचाही वाटा निघाला.

आता ती दुसरीकडे जाते. छोटी जागा, 14 जण. तिथे मी ‘काय काय उपक्रम आहेत?’ हे विचारलंच नाही. विचारलं, ‘ज्याला त्या दिवशी भाग घ्यायचा नाही, तो कुठे बसतो आणि त्याच्याजवळ कोण असतं?’ त्यांच्याकडे उत्तर तयार होतं: स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ, मावशींपाशी. मग न सांगता एका मंगळवारी अकरा वाजता गेलो. एक जण शेंगा सोलत होता, दोघी वाती वळत होत्या, एक जण काहीही न करता खिडकीत बसला होता आणि कुणी त्याला उठवत नव्हतं. तिथेच मी ठरवलं. त्यांच्या पत्रकात निम्मे रकाने साधे असतात: आठवडी बाजारातून भाजी आणणे, स्वतःच्या हाताने सरबत करणे, पोस्टात जाणे, कागदी पिशव्या. पिशव्यांचे पैसे महिन्याअखेर पाकिटात घालून ज्याच्या त्याच्या हातात देतात. मला विचाराल तर वर्षाच्या चार झगमगीत कार्यक्रमांपेक्षा हे मंगळवार मोलाचे. आणि फळवाटपाबद्दल माझं मत कडक आहे. कुणाच्या तरी वाढदिवसाला आमच्या मुलांनी ओळीत उभं राहून केळं घ्यायचं आणि फोटो काढू द्यायचा, याला उपक्रम म्हणू नये. काहींना हे पटणार नाही, चालेल.

घरी आम्ही कालनिर्णय वापरतो. दुधाचा हिशेब त्याच चौकोनात लिहायचो, त्यामुळे ते कॅलेंडर तिच्या ओळखीचं होतं. पुढच्या महिन्याचं पत्रक आलं की प्रत्येक वेगळ्या उपक्रमाचा छोटा फोटो तिच्यापुढे ठेवतो. हवा तो ती चिकटवते, नको तो मला परत देते. परत दिलेल्या फोटोबद्दल प्रश्न विचारायचा नाही, हा नियम आम्ही घरात सगळ्यांना घालून दिलाय. पहिल्या महिन्यात तिने सगळेच परत दिले. आता बहुतेक चिकटवते. ढोल असलेला फोटो अजूनही परत येतो.

सहीचं सांगतो. सर्व उपक्रमांना मिळून एक संमती देऊ नका. सहल वेगळी, फोटो वेगळा, व्हिडिओ वेगळा. अर्जात तशी सोय नसेल तर ओळ खोडून शेजारी लिहा आणि झेरॉक्स घरी ठेवा. लेक 18 च्या पुढची आहे, तेव्हा कायदेशीर पालकत्वाचंही बघून ठेवा. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी ते जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे मिळतं. वकिलाचा सल्ला जरूर घ्या. पण पालकत्वाचा कागद हातात आला म्हणून तिच्या ‘नको’ला किंमत उरली नाही असं समजू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं मर्यादित पालकत्वसुद्धा दोघांनी मिळून निर्णय घेण्यावरच उभं आहे.

राहिली 22 तारीख. केंद्राला फोन करून तीनच गोष्टी विचारा: तिथे बाथरूम किती अंतरावर आहे, तिला कोण नेणार, आणि मधेच कंटाळली तर कुणाबरोबर परत येणार. शक्य असेल तर आदल्या आठवड्यात तुम्ही दोघीच एसटीच्या लाल गाडीने तिथे जाऊन या. तिला 75 टक्के सवलत आहे आणि महिला म्हणून तुमचंही 2023 पासून अर्धंच तिकीट आहे, फक्त कार्ड जवळ ठेवा. गर्दी नसलेली दुपारची फेरी घ्या आणि तिला खिडकी द्या. बाथरूम दाखवा, तिथेच डबा खा, आणि तिला आवडेल त्या जागेचा फोटो काढून आणा. घरी आल्यावर तो फोटो आणि 22 चा चौकोन तिच्यासमोर ठेवा. तिने परत दिला तर त्या दिवशी तिला घरी ठेवा, आणि मॅडमना माझ्या मुलीची गोष्ट सांगितली तरी चालेल.