टॉवर तिथेच आहे, मग घरातली रेंज कुठे गेली?

तुमचा प्रश्न असा: घर तेच, गच्चीवरून दिसणारा टॉवर तोच, दोन-तीन वर्षांपूर्वी आतल्या खोलीत निवांत बोलता यायचं आणि आता कॉल मध्येच कट होतो. मग नेटवर्क खालावलंय की फोनच जुना झालाय?

मी सहा वर्षं ड्राइव्ह टेस्टचं काम केलंय. गाडीच्या टपावर जीपीएसचा अँटेना, मांडीवर लॅपटॉप, त्याला जोडलेले तीन-चार फोन, आणि त्याच त्या रस्त्यांवरून फिरत आवाज कुठे तुटतो ते नोंदवत बसायचं. कुणाच्या घरी तक्रार बघायला गेलो की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "अहो, पण दांड्या तर पूर्ण आहेत!" म्हणून आधी फोनवर रेंज दाखवणाऱ्या या दांड्यांवरचा विश्वास सोडा. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो. २०१० साली आयफोन ४ विशिष्ट प्रकारे हातात धरला की रेंज पडते अशी ओरड झाली होती. तेव्हा ॲपलने जाहीर पत्रात कबूल केलं की दांड्यांचं सूत्रच चुकलं होतं आणि बरेचदा दोन दांड्या जास्त दिसत होत्या.

खरा आकडा फोनच्या पोटात असतो. बहुतेक अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'खाली सिम स्टेटस उघडा, आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करा. आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात, आणि उणे असतो. ४जीवर उणे ९०च्या आसपास असेल तर छान, उणे १०५पर्यंत काम चालतं, उणे ११५च्या पलीकडे कॉल कधी जाईल याचा भरवसा नाही. हे मोजमाप साध्या बेरजेचं नाही, आकडा १०ने खाली गेला की सिग्नल दहापट पडतो. म्हणजे उणे ९०वरून उणे ११० म्हणजे शंभरावा हिस्सा उरला.

आता माझ्या घरचंच सांगतो. आईचा रोज संध्याकाळी फोन येतो. एका उन्हाळ्यानंतर तिचा आवाज तुटायला लागला. कंपनीला दोनदा तक्रार केली, दोन्ही वेळा "फोन रिस्टार्ट करा" एवढंच उत्तर मिळालं. शेवटी आकडा उघडून घरभर फिरलो. खिडकी उघडी असताना उणे ८८, खिडकी लावली की उणे १११. त्या उन्हाळ्यात आम्ही ऊन अडवणाऱ्या काचा बसवल्या होत्या. असल्या काचांवर धातूचा अतिशय पातळ थर असतो, तो उष्णतेबरोबर रेडिओ लहरीही परतवतो. त्याआधी जुन्या साध्या काचेतून सिग्नल आरामात आत यायचा. घरातल्या तक्रारींमध्ये हे कारण फार वेळा निघतं आणि फार कमी लोकांच्या लक्षात येतं, म्हणून मी यावर इतकं बोलतोय.

तुमच्याकडे काचा बदललेल्या नसतील तर पुढचा संशय फ्रिक्वेन्सीवर घ्या. ७००-९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब पोचतात, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. पण डेटाची भूक भागवायला कंपन्यांना २,००० मेगाहर्ट्झच्या वरचे पट्टे लागतात, ५जी तर बऱ्याच ठिकाणी ३,५०० मेगाहर्ट्झवर चालतं. तिथे वेग भरपूर, पण दोन भिंती आड आल्या की दम संपला. त्यात अनेक देशांत जुनं ३जी बंद झालंय. ज्या फोनला ४जीवरून आवाज पाठवता येत नाही, त्याला बोलण्यासाठी २जीच उरतं, आणि तेही कुठे आहे, कुठे नाही.

कधीकधी टॉवर जागचा हलत नाही पण त्याचा अँटेना हलतो. जवळपास नवा टॉवर उभा राहिला की दोघांचे सिग्नल एकमेकांत मिसळू नयेत म्हणून जुन्याचा अँटेना खाली झुकवतात. रस्त्यावर सुधारणा होते आणि जुन्या टॉवरच्या टप्प्याच्या काठावरच्या घरात अंधार. हा प्रकार मी स्वतः पाहिलाय, आणि त्या काठावरच्या लोकांना कुणी सांगायला जात नाही याचा मला अजून राग येतो. घरात आजारी माणूस असताना आतल्या खोलीतून फोन न लागणं ही किरकोळ गैरसोय नव्हे.

आकडा चांगला असूनही आवाज फाटत असेल तर भानगड गोंगाटाची किंवा गर्दीची आहे. ४जीत शेजारचे टॉवर सहसा एकच फ्रिक्वेन्सी वापरतात, त्यामुळे शेजाऱ्याचा सिग्नल तुमच्यासाठी गोंगाट ठरतो. फोनमध्ये एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती हे सांगणारा आकडा, दिसत असेल तर तो पाहा, शून्याच्या खाली गेला असेल तर दांड्या कितीही असोत, उपयोग नाही. गर्दी ओळखणं सोपं आहे. त्याच खुर्चीत रात्री दोन वाजता आणि संध्याकाळी आठ वाजता डेटाचा वेग तपासा. पहाटे पळतो आणि संध्याकाळी रांगतो, तर टॉवरवर वाटेकरी वाढलेत.

समोरच्याचं तुम्हाला स्वच्छ ऐकू येतं पण तुमचं त्याला नाही, असं होतं का? टॉवर दहा-वीस वॅट किंवा त्याहून जास्त ओततो, तुमचा फोन जोर लावूनही साधारण ०.२ वॅट. आधी परतीची वाट तुटते. फोन गरम होणं, बॅटरी भराभर उतरणं, ही त्याच ओढाताणीची खूण. फोन दुरुस्त करून आणल्यावर हे सुरू झालं असेल तर आतला अँटेनाचा सांधा नीट बसलेला नसेल. दुसऱ्या फोनमध्ये सिम घालून बघा, पाच मिनिटांत कळेल.

घरात ब्रॉडबँड असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा, म्हणजे कॉल टॉवरऐवजी घरच्या इंटरनेटवरून जातो; आईचे कॉल तुटू नयेत म्हणून आम्ही तेच केलं. बाजारातला रिपीटर, म्हणजे सिग्नल वाढवणारं यंत्र, मात्र कंपनीच्या परवानगीशिवाय लावू नका, बऱ्याच देशांत तो बेकायदा आहे आणि शेजारपाजारच्यांच्या सिग्नलमध्ये गोंगाट घालतो. तक्रार करताना "रेंज नाही" एवढंच लिहू नका. जागा, वेळ, डीबीएमचा आकडा आणि आठवड्यात किती कॉल तुटले ते लिहा. अशी तक्रार "रिस्टार्ट करा" म्हणून झटकणं अवघड जातं.

खिडकीतला आणि आतल्या खोलीतला, असे दोन आकडे मला कळवा. दोघांत वीसच्या वर फरक निघाला तर बहुधा भिंत-काच, दोन्ही सारखेच वाईट निघाले तर टॉवरकडे बघायचं.